माहितीला शिस्त लावणारे एडगर कॉड

एखादा ग्राहक संकेतस्थळावर आपला ईमेल पत्ता बदलतो. बदल नोंदवला गेल्याचे पडद्यावर दिसतेही. तरी महिनाअखेरचे बिल जुन्याच पत्त्यावर जाते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी एकाच माणसाला एकच पत्र तीनदा जाते. तिसरीकडे जे पत्र दहा हजार लोकांना जायला हवे, ते एकालाही जात नाही आणि संगणक कुठेही चूक दाखवत नाही. असे घडले की सगळे जण इंटरनेटला, सर्व्हरला किंवा ईमेल पोहोचवणाऱ्या सेवेला दोष देतात. वेब ॲप्लिकेशन तयार करणारी मंडळीही आधी तिथेच शोधाशोध करतात. पण पुष्कळदा दोष पत्र पाठवण्यात नसतो. पत्र कोणाला पाठवायचे हे ज्या डेटाबेसला विचारले, त्याच्या रचनेत किंवा त्याला विचारलेल्या प्रश्नात तो दडलेला असतो.

ही तिन्ही दुखणी जुनी आहेत. ईमेल घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी एका गणितज्ञाने त्यांची मुळे ओळखली होती आणि त्यावरचा उपायही मांडला होता. त्यांचे नाव एडगर फ्रँक कॉड. मित्रमंडळी त्यांना टेड म्हणत. आज बँका, रुग्णालये, विमा कंपन्या आणि ऑनलाइन दुकाने आपल्या नोंदी बहुतांशी ज्या पद्धतीने ठेवतात, तिचा पाया त्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अकरा पानांच्या निबंधात आहे.

वैमानिक, विक्रेता, प्रोग्रॅमर

कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर झाला. वडील चामड्याच्या व्यवसायात, आई शिक्षिका. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. शालेय शिक्षण पूल या गावी झाले आणि शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात रसायनशास्त्र शिकू लागले. दुसरे महायुद्ध सुरू होते. विद्यार्थी म्हणून त्यांना लष्करी सेवेतून सवलत मिळू शकत होती. ती न घेता १९४२ मध्ये ते स्वेच्छेने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि किनारा संरक्षक विभागात संडरलँड जातीची, पाण्यावर उतरणारी मोठी विमाने चालवू लागले. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले, पण रसायनशास्त्र सोडून त्यांनी गणित घेतले. १९४८ मध्ये पदवी मिळाली.

हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी ते अमेरिकेत जाऊन आले होते आणि तो देश त्यांना आवडला होता. पदवीनंतर त्यांनी अमेरिका गाठली. न्यूयॉर्कमध्ये मेसीज या मोठ्या दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात त्यांनी काही काळ विक्रेत्याचे काम केले. मग टेनेसी विद्यापीठात सहा महिने गणित शिकवले. १९४९ मध्ये ते आयबीएम कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. संगणकाने तेव्हा अख्खी खोली व्यापलेली असे आणि प्रोग्रॅमर हा शब्दही नवा होता.

१९५३ मध्ये त्यांनी ही चांगली नोकरी सोडली. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी त्या काळात साम्यवादी असल्याच्या संशयावरून लोकांमागे चौकशीचा ससेमिरा लावला होता. त्याचा निषेध म्हणून कॉड देश सोडून कॅनडातील ओटावा येथे गेले. पटत नसेल तर गप्प बसायचे नाही, मग नुकसान झाले तरी चालेल, हा त्यांचा स्वभाव पुढेही अनेकदा दिसला. चार वर्षांनी जुन्या वरिष्ठांशी योगायोगाने गाठ पडली आणि १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले. तिथे स्ट्रेच नावाच्या महासंगणकासाठी त्यांच्या गटाने एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची व्यवस्था तयार केली.

वयाची पस्तिशी उलटल्यावर, १९६१ मध्ये, ते आयबीएमच्या शिष्यवृत्तीवर पुन्हा विद्यार्थी झाले. मिशिगन विद्यापीठात त्यांनी स्वतःची प्रतिकृती स्वतःच घडवू शकणाऱ्या काल्पनिक यंत्रांवर संशोधन केले. थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांच्या मांडणीत अशा यंत्राच्या प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत. कॉड यांनी ते काम आठ अवस्थांत होऊ शकते हे दाखवले. १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. गुंतागुंतीची गोष्ट थोडक्या, नेमक्या नियमांवर उभी करण्याचा हा सराव त्यांना लवकरच उपयोगी पडणार होता.

वाट विचारायची की गोष्ट?

१९६०च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांकडे माहितीचे ढीग साचू लागले होते. ती सांभाळण्यासाठी आयबीएमकडे आयएमएस नावाची प्रणाली होती. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या अपोलो मोहिमेतील असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्याच्या गरजेतून ती जन्मली. तिच्यात माहिती झाडासारखी रचलेली असे. खोडापासून फांदी, फांदीपासून डहाळी, डहाळीवर पान. एखादे पान हवे असेल तर त्यापर्यंतची वाट प्रोग्रॅमरला पाठ असावी लागे. स्पर्धक प्रणालींमध्ये झाडाऐवजी जाळे होते, पण एका नोंदीचा माग धरून दुसरीकडे जाण्याची रीत तीच.

याचा त्रास असा की माहितीची मांडणी जराशी बदलली तरी जुने प्रोग्रॅम बंद पडत. एखादी फांदी दुसरीकडे जोडली की तिच्यावरून जाणारी प्रत्येक वाट नव्याने लिहावी लागे. कंपन्यांचा बराचसा प्रोग्रॅमरवर्ग नवे काम करण्याऐवजी जुन्या वाटांची डागडुजी करण्यातच अडकून पडे. व्यवस्थापकाला साधा नवा प्रश्न पडला, तरी उत्तरासाठी नवा प्रोग्रॅम लिहून होण्याची वाट पाहावी लागे.

१९६८ मध्ये कॉड आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत आले. डेटाबेसकडे आपण का वळलो याचे कारण त्यांनी पुढे सांगितले आहे. एका डेटाबेस कंपनीच्या प्रतिनिधीचे सादरीकरण ऐकताना त्यांच्या लक्षात आले की या गृहस्थांना तर्कशास्त्राचा गंधही नाही. जगाची माहिती सांभाळणारी यंत्रणा निव्वळ अंदाजपंचे उभी असावी, हे त्या गणितज्ञाला सहन झाले नाही.

१९६९ मध्ये कंपनीअंतर्गत अहवाल आणि जून १९७० मध्ये संगणकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात निबंध, अशा दोन पायऱ्यांनी त्यांनी आपली कल्पना मांडली. सुटे भाग आणि ते वापरणारे प्रकल्प एवढीच माहिती पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी रचता येते, आणि एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या रचनेवर कसा फसतो, हे त्यांनी दाखवले. मग उपाय सांगितला. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. प्रत्येक तक्त्यात ओळी आणि रकाने. ग्राहकांचा एक तक्ता, त्यांच्या खरेदीचा दुसरा. या दोहोंना जोडण्यासाठी वाटा किंवा खुणा नकोत. ग्राहक क्रमांकासारखे एखादे मूल्य दोन्हीकडे असले की पुरे. गणितात अशा तक्त्याला संबंध म्हणतात. म्हणून या पद्धतीला रिलेशनल, म्हणजे संबंधाधारित, असे नाव पडले.

यातली खरी क्रांती तक्त्यांत नव्हती. तक्ते तर वाण्याच्या वहीतही असतात. क्रांती प्रश्न विचारण्यात होती. आपल्याला काय हवे आहे एवढेच माणसाने सांगावे. ते कुठे आहे आणि कोणत्या वाटेने आणायचे हे यंत्राने पाहावे. या मांडणीत प्रश्नाचा आणि साठवणीचा संबंध तुटतो. उद्या साठवण बदलली तरी प्रश्न तसाच राहतो.

एक गोष्ट एकाच जागी

पुढच्या एक-दोन वर्षांत कॉड यांनी तक्ते कसे आखावेत याचे नियम घालून दिले. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. त्या सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनशी संबंध सुरळीत करण्याची भाषा करत होते. अध्यक्षांना संबंध सुरळीत करता येतात तर मलाही येतील, अशा विचाराने हे नाव दिले, असे कॉड यांनी एका मुलाखतीत गमतीने सांगितले होते.

नियमांचा गाभा मात्र गंभीर आहे. प्रत्येक गोष्ट एकाच जागी नोंदवावी. ग्राहकाचा ईमेल पत्ता ग्राहकांच्या तक्त्यात असेल, तर तो बिलांच्या तक्त्यात पुन्हा लिहू नये. तिथे फक्त ग्राहक क्रमांक ठेवावा. सुरुवातीला वर्णन केलेली जुन्या पत्त्यावर जाणारी बिले बहुधा हा नियम मोडल्याचे फळ असतात. पत्ता दोन तक्त्यांत असतो. बदल एकात होतो आणि पत्र पाठवणारा प्रोग्रॅम दुसऱ्यात पाहतो. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर वाटतात, पण एकमेकांशी विसंगत असतात. अशा वेळी पत्र पाठवणारा भाग कितीही तपासला तरी काही सापडत नाही. पत्ता किती ठिकाणी साठवला आहे हे आधी मोजायला हवे.

नियमाला अपवाद असतो, तोही समजून घ्यायला हवा. गेल्या वर्षीचे बिल कोणत्या पत्त्यावर पाठवले होते ही वेगळी गोष्ट आहे आणि आज ग्राहकाचा पत्ता कोणता ही वेगळी. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर दोन्ही साठवाव्यात, पण त्यांची नावे वेगळी असावीत. एकच गोष्ट दोनदा लिहिणे आणि दोन गोष्टी एकेकदा लिहिणे यांतला फरक ओळखणे हीच या नियमांची शिकवण.

एकेक नाही, एकत्र

कॉड यांच्या पद्धतीत प्रश्नाचे उत्तर एक ओळ नसते, तर ओळींचा संच असतो. जुन्या प्रणालीत प्रोग्रॅम एक नोंद उचले, तपासे, मग पुढची उचले. कॉड यांनी बीजगणितासारख्या क्रिया सुचवल्या. दोन तक्ते जोडा, त्यातून अटीत बसणाऱ्या ओळी निवडा, हवे तेवढेच रकाने ठेवा. पानेच्या पाने भरणारा प्रोग्रॅम त्यामुळे एखाद-दोन ओळींत मावू लागला.

आजच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये मात्र जुनी सवय मागच्या दाराने परत येते. समजा, दहा हजार ग्राहकांना त्यांच्या शेवटच्या खरेदीबद्दल ईमेल पाठवायचा आहे. प्रोग्रॅम आधी ग्राहकांची यादी मागवतो. मग प्रत्येक ग्राहकासाठी डेटाबेसकडे पुन्हा एक फेरी मारून त्याची खरेदी विचारतो. एकूण प्रश्न झाले दहा हजार एक. एका फेरीला पाच मिलिसेकंद लागले तरी सगळ्याला पन्नास सेकंद जातात. तेवढ्यात पान उघडण्याची मुदत संपते आणि काम अर्ध्यावर तुटते. चाचणीच्या वेळी यादीत दहाच नावे असल्याने हा दोष दिसलेला नसतो. तीच माहिती दोन तक्ते जोडून एका प्रश्नात मागवली तर हे टळते. प्रोग्रॅम किती प्रश्न विचारतो याची नोंद चालू करून पाहिली की असा दोष पटकन सापडतो.

जोडतानाही सावध राहावे लागते. ग्राहकाचे दोन फोन क्रमांक वेगळ्या तक्त्यात असतील आणि तो तक्ता जोडला, तर त्या ग्राहकाच्या दोन ओळी होतात. क्रमांक तीन असतील तर तीन. पत्रेही तितकीच जातात. त्यात ईमेल सेवेचा काही दोष नसतो. गणिती संबंधात एकच ओळ दोनदा येऊ शकत नाही, म्हणून तक्त्यातही येऊ देऊ नये, असा कॉड यांचा आग्रह होता. पुढे बाजारात आलेल्या भाषेने तो पाळला नाही. म्हणून पत्रे पाठवण्याआधी तोच प्रश्न नुसता चालवून किती ओळी आल्या आणि त्यात वेगळे पत्ते किती, हे मोजणे शहाणपणाचे.

स्वतःच्याच घरात विरोध

निबंध प्रसिद्ध झाला तरी आयबीएमला तो लगेच पचला नाही. कंपनीचा पैसा आणि प्रतिष्ठा आयएमएसमध्ये गुंतलेली होती. ते उत्पादन चांगले खपत होते. घरातल्याच एका माणसाने ती पद्धत मुळात चुकीची आहे असे म्हणावे, हे अडचणीचेच होते. बाहेरही मोठे विरोधक होते. जाळ्याच्या रचनेचे प्रणेते चार्ल्स बाखमन यांना १९७३ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरची तुलना माहितीच्या सागरात वाट काढणाऱ्या नावाड्याशी केली. वाट काढण्याच्या या कामातूनच माणसाची सुटका करायला कॉड निघाले होते. १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे दोघांचा जाहीर वादविवाद झाला. संगणकाच्या इतिहासात तो गाजलेला आहे.

कॉड यांच्यावर मुख्य आक्षेप वेगाचा होता. वाट माहीत असलेला प्रोग्रॅमर जितक्या झपाट्याने नोंद शोधेल, तितक्या झपाट्याने यंत्राला स्वतःहून वाट सापडेल का? आक्षेप रास्त होता आणि निबंधात त्याचे तयार उत्तर नव्हते. ते करूनच दाखवावे लागणार होते. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रकल्प त्यासाठी सुरू झाला. तिथे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची नवी भाषा आखली. तिचीच पुढे एसक्यूएल झाली. बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इन्ग्रेस ही प्रणाली उभारली.

वेगाचा प्रश्न सिस्टिम आरच्या गटाने सोडवला. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत यंत्र एका प्रश्नासाठी शक्य असलेल्या अनेक वाटांचा खर्च आधी अंदाजाने काढते आणि स्वस्तातली वाट निवडते. संथ क्वेरीची तपासणी आजही याच टप्प्यावर करतात. बहुतेक डेटाबेसमध्ये एक्स्प्लेन नावाची आज्ञा असते. ती दिली की यंत्राने कोणती वाट निवडली ते दिसते. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, म्हणजे इंडेक्स, ईमेलच्या रकान्यावर नसेल तर एक पत्ता शोधायला यंत्र अख्खा तक्ता वाचते. सूची तयार केली की तोच प्रश्न, एक अक्षरही न बदलता, वेगाने सुटतो. प्रश्न आणि साठवण वेगळी ठेवण्याचा फायदा इथे हाती येतो.

कधी सूची असूनही क्वेरी संथ राहते. इंग्रजीतील लहान-मोठ्या लिपीचा घोळ टाळण्यासाठी प्रोग्रॅमर प्रत्येक पत्ता आधी लहान लिपीत बदलून मग तुलना करायला सांगतो. सूची मूळ पत्त्यांची असते, बदललेल्या पत्त्यांची नसते. त्यामुळे ती वापरताच येत नाही. पत्ता साठवतानाच एका रूपात साठवावा किंवा त्या बदललेल्या रूपाचीच सूची करावी.

माहीत नाही म्हणजे नाही नव्हे

कॉड यांचा आणखी एक विचार डॉक्टरांना आणि रुग्णांना जवळचा वाटेल. रुग्णाच्या नोंदीत औषधाच्या ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे. याचा अर्थ ॲलर्जी नाही, की कोणी विचारलेच नाही? दोहोंत जिवाचा फरक पडू शकतो. रिकाम्या जागी शून्य किंवा रेघ लिहून भागवणे कॉड यांना मान्य नव्हते. माहिती नसणे ही स्वतंत्र अवस्था आहे आणि यंत्राने ती तशीच ओळखली पाहिजे, असे ते म्हणत. १९७९च्या निबंधात त्यांनी याची सविस्तर मांडणी केली. एखादे विधान खरे असेल, खोटे असेल किंवा अज्ञात असेल, अशी तीन मूल्यांची तर्कपद्धती त्यातून आली. रिकाम्या जागेला डेटाबेसच्या भाषेत नल म्हणतात.

एकालाही न गेलेल्या पत्राचे कोडे इथे सुटते. समजा, ज्यांनी जाहिरातीची पत्रे नको म्हणून कळवले त्यांच्या पत्त्यांची एक नकारयादी आहे. ज्यांचा पत्ता या यादीत नाही असे ग्राहक द्या, असा प्रश्न विचारला. नकारयादीत कुठून तरी एक रिकामी नोंद शिरली आहे. आता प्रत्येक ग्राहकाबाबत यंत्राला प्रश्न पडतो की ती रिकामी जागा म्हणजे याचाच पत्ता तर नसेल? उत्तर अज्ञात. हा ग्राहक यादीत नाही असे खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून तो वगळला जातो. पुढचाही, त्याच्या पुढचाही. शेवटी उत्तरात एकही ओळ उरत नाही. यंत्राच्या दृष्टीने हे तर्काला धरून असल्याने ते चूक दाखवत नाही. उपाय साधा आहे. रिकाम्या नोंदी आधी वगळाव्यात आणि त्या रकान्यात रिकामी नोंद मुळात घेऊच नये.

तिसऱ्या मूल्याची ही कल्पना सर्वांना पटली नाही. कॉड यांचे निकटचे सहकारी आणि त्यांच्या कल्पना पुस्तकांतून जगभर नेणारे ख्रिस डेट यांनीच तिला सतत विरोध केला. कॉड मात्र आणखी पुढे गेले. माहिती असायला हवी पण मिळालेली नाही, ही एक रिकामी जागा. ती माहिती लागूच होत नाही, ही दुसरी. दोहोंसाठी वेगळ्या खुणा असाव्यात, असे त्यांनी सुचवले. व्यवहारात ही सूचना रुजली नाही. वाद आजही मिटलेला नाही.

यश आणि असमाधान

कॉड यांची कल्पना बाजारात आधी नेली ती दुसऱ्यांनी. आयबीएमच्या संशोधकांचे निबंध वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ओरॅकल हा डेटाबेस विक्रीला आणला. आयबीएमचे एसक्यूएलवर आधारित उत्पादन १९८१ मध्ये आणि प्रसिद्ध डीबी२ हे १९८३ मध्ये आले. १९८१ मध्येच कॉड यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

सिस्टिम आरच्या गटातील जिम ग्रे यांनी याच काळात व्यवहाराची, म्हणजे ट्रॅन्झॅक्शनची, कल्पना पक्की केली. एकमेकांशी बांधलेले बदल एक तर सगळे व्हावेत किंवा एकही होऊ नये. ईमेल या नियमात बसत नाही. डेटाबेसमधला बदल मागे घेता येतो, गेलेले पत्र मागे घेता येत नाही. खरेदीची नोंद होण्याआधी पत्र गेले आणि नोंद फसली, तर न झालेल्या खरेदीची पावती ग्राहकाच्या हाती पडते. म्हणून अनुभवी मंडळी खरेदीची नोंद करतानाच, त्याच व्यवहारात, पाठवायच्या पत्रांच्या तक्त्यात एक ओळ लिहितात. वेगळा प्रोग्रॅम तिथून ओळी उचलून पत्रे पाठवतो आणि पाठवल्याची वेळ नोंदवतो. पत्र गेले पण वेळ नोंदवण्याआधी वीज गेली, असे घडले तर ते पुन्हा जाऊ शकते. म्हणून प्रत्येक पत्राला क्रमांक देऊन आधी पाहून घ्यावे लागते. पण कोणती पत्रे अडली आहेत, हे आता तर्क करत बसण्याऐवजी डेटाबेसलाच विचारता येते.

१९८४ मध्ये कॉड यांनी आयबीएम सोडली आणि डेट व शॅरन वाइनबर्ग यांच्यासह सल्लागार कंपनी काढली. शॅरन पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. तोपर्यंत प्रत्येक कंपनी आपल्या उत्पादनावर रिलेशनल हे लेबल लावू लागली होती. त्याला आळा घालण्यासाठी कॉड यांनी १९८५ मध्ये बारा नियम प्रसिद्ध केले. ते मोजायला गेले तर तेरा भरतात, कारण मोजणी शून्यापासून आहे. त्या काळचे कोणतेही उत्पादन सगळ्या नियमांना उतरत नव्हते. १९८८ मध्ये त्यांनी एसक्यूएलवरच जाहीर टीका केली. आपल्याच विचारातून जन्मलेल्या भाषेत दुहेरी ओळींना मुभा आहे आणि तर्काची शिस्त सैल आहे, याची त्यांना खंत होती. पण जग त्या भाषेवर स्थिरावले होते.

१९९३ मध्ये त्यांच्या नावाला थोडा धक्काही बसला. व्यवसायातील माहितीच्या विश्लेषणाबद्दल त्यांनी एक लेख लिहिला. त्यामागे या क्षेत्रातील एका कंपनीचे अर्थसाहाय्य होते हे नंतर पुढे आले आणि त्यांच्या निःपक्षपातीपणावर प्रश्नचिन्ह लागले. तत्त्वासाठी देश सोडलेल्या माणसाच्या वाट्याला हा वाद यावा, हे खेदाचेच होते.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील राहत्या घरी हृदयक्रिया बंद पडून कॉड यांचे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी डेटाबेस क्षेत्रातील संशोधनाच्या एका मानाच्या पारितोषिकाला त्यांचे नाव देण्यात आले.

वेब ॲप्लिकेशनमधले पत्र चुकले की अजूनही कॉड यांच्या वाटेने तपासणी केलेली बरी. ही माहिती किती ठिकाणी लिहिली आहे? प्रश्न एकदाच विचारला आहे की हजारदा? उत्तरातल्या ओळी मोजल्या का? रिकाम्या जागांचा अर्थ कोणी ठरवला आहे का? यांची उत्तरे मिळेपर्यंत सर्व्हर बदलण्याची किंवा ईमेल सेवेकडे तक्रार करण्याची घाई नको.